रेसकोर्सवरून सारोळ्याला

वानवडी, पुणे
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

सौ. मंगल हिस,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू ज्या तोंडाने घरातून निघालीस ते आठवलं आणि हात आखडला. तेव्हा आशीर्वाद पाकिटात घातलेत असं समज. पाहिजेत तर काढून घे.

पत्र कशासाठी, ते आधी सांगतो. तू माहेरी सारोळ्याला जाताना मोबाईल फडताळात गव्हाच्या डब्यामागे ठेवून गेलीस. त्यामुळे मी ओसरीवरून तुला फोन लावला की तो आपल्याच घरात वाजतो, आणि मीच आत धावतो. आनंदरावांच्या फोनवर करायचा तर तुझा हा भाऊ लगेच स्पीकर चालू करतो, मग आपला संसार नीरेच्या पुलापर्यंत ऐकू जातो. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई म्हणाली, "काका, कोर्टाचं आहे का? मग रजिस्टर करा." म्हटलं, "न्हाई ओ, बायकोला लिवायचंय." ती म्हणाली, "मग तर रजिस्टरच करा."

जाताना तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "पोरीला घिऊन या, मग मी यीन. तवर ह्या घरात पाय ठेवायची न्हाई." आपली स्नेहल रेसकोर्सवर घोड्यांना नाला ठोकायच्या कामाला राहिली, हे तुला पटलं नाही. कोर्सचं जे काय झालं ते झालं, त्यात आता शिरायला नको. मी ठरवलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं. कसली जागा, कसली माणसं. वाईट दिसलं तर पोरीला त्याच दिवशी एसटीत बसवून आणायचं. भात लावून झालंय. पावसाळ्यात चिखलामुळे बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचं माझं काम तसंही बंद असतं. घरी बसून आढ्याकडे बघण्यापेक्षा इकडे आलो. वेल्ह्याहून सकाळची गाडी, स्वारगेटला उतरून शहरातली बस, आणि पुलगेटच्या पुढे खाली. आपल्या गावचा संजय इथे वानवडीत एका सोसायटीवर वॉचमन आहे, त्याच्या खोलीवर मुक्काम.

आता इथलं सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध नुसतं गवत आहे, मंगल! एका बाजूला सोलापूरचा रस्ता, त्याच्यावर मुंगीला वाट नाही. दुसरीकडे उंच इमारती आणि मिलिटरीच्या भिंती. आणि मध्ये हे हिरवंगार मैदान. आपलं अख्खं गाव शिवारासकट आत ठेवलं, तरी घोड्यांना पळायला जागा उरेल. आणि त्या गवताला शेळी लावत नाहीत, म्हैस लावत नाहीत. मी कुंपणाला धरून बराच वेळ उभा होतो. एवढ्या चाऱ्याचं करतात काय, हेच मला कळेना. शेवटी एका पोलिसाने विचारलं, "काका, कुणाला शोधताय?" म्हटलं, "न्हाई, गवत बघतुय."

घोडे रांगेने जातात. प्रत्येकाबरोबर एकेक सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा गडी. घोड्याच्या अंगावर पांघरूण असं, की माझ्या लग्नातली शाल त्याच्यापुढे पोतेरं. त्यांच्या खोल्यांना पंखे आहेत. संजयच्या खोलीला नाही.

स्नेहल फाटकाशी आली. मी पहिल्यांदा ओळखलीच नाही. चामड्याचा एप्रन, डोक्याला रुमाल, हातात कानस. लहानपणी माझ्याशेजारी खिळ्यांचा डबा धरून बसायची, तेच डोळे दिसले तेव्हा ओळखलं. पाया पडली. जरा लंगडत होती, नवी चप्पल चावलीय म्हणाली.

"आबा, आईनं पाठवलं का तुमी सोताहून आलात?"

"दोन्ही," म्हटलं.

"आई काय म्हणती?"

"बरी हाय."

मग चहा पिताना तिने दोनदा रस्त्याकडे बघितलं, जणू माझ्यामागून आणखी कुणी येणार होतं.

नाला ठोकायचं काम शिकवणाऱ्याला इथे सगळे उस्ताद म्हणतात. पांढरी दाढी, बोलणं मोजकं. उद्या आत येऊन बघायची त्यांनी परवानगी दिली आहे. बैल पाडायचा माझा दोर मी पिशवीत आणलाय. कामाच्या जागी रिकाम्या हाताने जाऊ नये.

तुझा,
गोरख

* * *

वानवडी
शुक्रवार, १५ ऑगस्ट

सौ. मंगल हिस,

आज पोस्ट बंद, उद्या टाकीन. सकाळपासून सगळीकडे लाऊडस्पीकर आहेत आणि घोडे कान टवकारून ऐकतायत.

बुधवारी आत गेलो. बघितलं. छान आहे. त्यानंतर मी बाहेरूनच बघायचं ठरवलं. बाहेरही बघण्यासारखं पुष्कळ आहे.

तबेल्याच्या फाटकाजवळ चंद्राबाईची चहाची टपरी आहे. बाई मूळची पानशेतच्या अंगाची, इथे नांदायला आली ती इथलीच झाली. मी बोललो तशी म्हणाली, "दादा, तुमी आमच्याकडचं दिसताय," आणि साखर जास्त घातली. दिवसभर मी तिथेच बसतो. तिथे दोन जातीची माणसं येतात, घोड्यांची सेवा करणारी आणि घोड्यांवर पैसे लावणारी. पहिली उभ्या उभ्या चहा पितात. दुसरी एक कप घेऊन दुपार काढतात.

ह्या दुसऱ्यांच्या हातात एक पुस्तक असतं. त्यात घोड्याची कुंडली. बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. आपल्या सरपंचाला स्वतःच्या पणज्याचं नाव सांगता येणार नाही, आणि हे लोक घोड्याची सात पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ म्हणतात. नावं मात्र सगळी इंग्रजी आणि लांबलचक. आत सईस लोक त्यातल्याच एका घोडीला चिमणी म्हणतात आणि ती मान वळवून बघते. पुस्तकातल्या नावाला ती ओ देत नाही.

आणखी एक गंमत. जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका असला तर खोगिराला शिसं लावतात. कशाला, तर सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळावी. मी विचारलं, "सगळं सारखंच पळावं आसं वाटतंय, तर पळवता कशाला?" एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "काका, हे समजलं असतं तर मी इथं बसलो असतो का?"

नालेचं सांगतो, ते तुला आवडेल. रोजच्या फिरण्याला लोखंडी नाल. पण शर्यतीला अॅल्युमिनियमची, हातात घेतली तर बाळाच्या वाळ्याइतकी हलकी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून आपण एकेका पायाला दोन दोन पत्र्या ठोकतो. घोड्याचा एकच अखंड खूर, त्याला एकच नाल, पण दोन पायांची मापं कधी सारखी नाहीत. स्नेहल तापवते, ऐरणीवर वाकवते, खुराला लावून बघते, परत वाकवते. संध्याकाळी तिचे हात बघितले. माझ्या हातांसारखे झालेत. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

तुझ्या मनात काय काय असेल ते मी बाकड्यावर बसून ताडलंय. एक, लोक काय म्हणतील. तर इथे लोकांना म्हणायला वेळच नाही. दोन, घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांचा हा मोहल्ला, तिथे पोर बिघडेल. ती त्या माणसांकडे ढुंकूनही बघत नाही. तीन, उद्या सोयरीक जुळताना हे आडवं येईल. ज्याला बायकोच्या हातातली हातोडी खुपते, त्याच्या घरी पोर देऊन तरी काय करायचं? आणि घोड्यांची भीती म्हणशील, तर बैलाच्या पायाशी तिने कधी भीती धरली नाही.

इथल्या दुकानातून शेकायची रबरी पिशवी घेतली. माझ्या गुडघ्यासाठी. गुडघा ठीक आहे, काळजी करू नको.

आनंदरावांना नमस्कार. पत्र त्यांनी फोडलं असेल तर त्यांनाच परत नमस्कार.

गोरख

* * *

वानवडी
सोमवार, १८ ऑगस्ट

सौ. मंगल हिस,

काल शर्यती होत्या. आज मला चंद्राबाईशिवाय कुणी चहाला विचारत नाही, त्याला कारण आहे.

स्नेहलचा बाप म्हणजे खुरातला जाणकार, असं त्या पुस्तकवाल्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं. शनिवारी सकाळी एक तांबडा घोडा कुंपणाजवळून गेला. मला वाटलं पुढचा उजवा पाय जपून टाकतोय. मी तसं बोलून गेलो. "ह्याच्यावर नका लावू, ह्यो दोन पावलांत बसंल." ऐकल्याबरोबर चौघांनी पुस्तकात फुली मारली.

काल तो तांबडा असा सुटला की बाकीचे घोडे त्याला बघायला आल्यासारखे मागे राहिले! मंगल, जमीन हादरते. बैलगाड्याच्या शर्यतीत धुरळा आणि आरडाओरडा असतो, इथे आधी छातीत धडधड होते आणि मग घोडे दिसतात. मी तर फुली विसरून ओरडत होतो. मग मागे बघितलं तर ते चौघे माझ्याकडे बघत होते. चष्मेवाल्याने आपला कप उचलला आणि दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला. चंद्राबाई म्हणाली, "दादा, तुमचं बैलाचं शास्तर बैलापाशीच ठिवा." स्नेहलला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आबा, त्येची चालच तशी हाय. जल्मापासनं!"

आता जे मागच्या पत्रात गाळलं ते लिहितो. मी बाहेर बसतो ते आवडीने नाही. उस्तादांनी मला हाकलून दिलंय.

बुधवारी आत गेलो तेव्हा त्या चिमणी घोडीला नाल ठोकायची होती. मागचा पाय ती देईना. स्नेहल हात लावायची, ती पाय काढून घ्यायची. माझे हात शिवशिवले. आपल्याकडे काय करतो? चौघे धरतो, दोर टाकतो, बैल मऊ जमिनीवर अलगद पाडतो, चारी पाय बांधतो, पत्र्या ठोकल्या की सोडून देतो. आजपर्यंत एक बैल मोडला नाही माझ्या हातून. मी पिशवीतून दोर काढला, फास केला, घोडीच्या मागच्या पायात सरकवला आणि सईसाला म्हटलं, "धर रं तिकडनं, पाडू हिला."

घोडा पाडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चिमणी सरळ उभीच राहिली, दोन पायांवर. बादली भिंतीवर आदळली, सईस लोळला, शेजारच्या खोल्यांतले सगळे घोडे एकदम खिंकाळायला लागले. लोक धावत आले. देवाची कृपा, फास सैल होता, तो निसटला. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी दोर उचलला, नीट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मुलगी थांबेल. तुम्ही निघा." एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

फाटकाबाहेर आलो, पण पाय निघेना. जाळीतून बघत राहिलो. घोडी अजून थरथरत होती. स्नेहल तिच्या खांद्याशी जाऊन नुसती उभी राहिली. मग मानेवर हात. मग पाठीवर, मग मांडीवर, हळूहळू खाली. घोडी हलली की पोर हात काढून घ्यायची, मागे व्हायची, आणि परत पहिल्यापासून सुरू. तेवढ्या वेळात मी दोन बैल उरकले असते. आणि मग घोडीने आपण होऊन पाय उचलला आणि पोरीच्या मांडीवर ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "ही काय जादू केलीस?" म्हणाली, "जादू कसली आबा. पाय मागावा लागतो. आधी इचारायचं. न्हाई म्हणली तर थांबायचं, पुन्यांदा इचारायचं. एकदा का न इचारता वढला, तर ती घोडी जल्मभर मनापासनं पाय देत न्हाई."

मी रात्रभर त्यावर विचार करत होतो. जनावराला विचारायचं असतं, हे मला ह्या वयात पोरीकडून कळलं. किती मोठी गोष्ट आहे बघ!

आता दुसरं. चप्पल वगैरे काही चावलेली नव्हती, ती थाप माझी. ह्या महिन्याच्या सुरुवातीला एका शिंगराने तिच्या मांडीवर लाथ मारली. डॉक्टरने बघितलंय, हाड शाबूत आहे, वळ उतरतोय. शेकायची पिशवी तिच्यासाठीच. मला हे तिने फोनवर सांगितलं होतं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच मी तातडीने निघालो. तुझ्यासाठी आलो म्हणालो तेही खरं, पण अर्धं.

आणि आता जे मुख्य आहे ते. काल शर्यती संपल्यावर चंद्राबाई कप विसळता विसळता म्हणाली, "यंदा आमच्याकडच्या मानसांची रीघच लागली म्हणायची. मागं एक बाई आली हुती, सारोळ्यावरनं. म्हणली, घोड्यांना नाला ठोकत्यात ती जागा बघाया मिळंल का? म्हटलं, कुणाला आत सोडत न्हाईत. तर माझ्या हातातली किटली घेतली न् म्हणली, मग म्या चहा घिऊन येते तुमच्यासंगं. सगळ्यांला तिनंच कप दिलं. एक पोरगी घोड्याचा पाय घिऊन बसली हुती, तिच्यापाशी मातुर गेली न्हाई. लांबच थबाकली. मग बाहीर आली, पाणी प्याली न् गेली."

"नाव काय म्हणली?"

"न्हाई सांगितलं. जायच्या आधी माझी सगळी भांडी घासून पालथी घालून गेली बघा."

परक्याच्या टपरीवर भांडी घासून पालथी घालणारी बाई मला जगात एकच ठाऊक आहे.

तू असशील तर एकच सांग. इतक्या जवळ जाऊन पोरीला हाक का मारली नाहीस? एवढा राग? मी अजून तिला काही बोललो नाही. सांगू का?

उस्ताद तिला गणपतीनंतर कायमची ठेवायला तयार आहेत. त्यांना होय की नाही ते आधी कळायला हवं. मी पोरीला काल सरळ विचारलं, घरी येतेस का? तिने नालेची कड घासून बघितली. मग म्हणाली, "आईनं सोता यिऊन 'चल' म्हणलं, तर हातातलं टाकून येते. तुमच्या निरोपावर येनार न्हाई." तेव्हा मंगल, मी हरलो. तिला घेऊन येणं माझ्या हातात नाही आणि तुला घेऊन येणंही नाही. घर मला खायला उठतं. तुझ्याशिवाय मला तिथे जायचं नाही, म्हणून मी इथे गवत बघत बसलोय.

उत्तर पाठव. चार ओळी पाठव.

गोरख

* * *

सारोळे
गुरुवार, २१ ऑगस्ट

स्नेहलच्या आबांना नमस्कार.

तिन्ही पत्रं मिळाली. एकही दादाने फोडलेलं नाही. पोस्टमन दिसला की मीच पुढे होते.

ती बाई मीच.

लोकांना भिते, मोहल्ल्याला भिते, सोयरीक अडेल म्हणून भिते, घोड्यांना भिते, असं तुम्ही माझ्या वतीने सगळं लिहून टाकलंत आणि उत्तरंही दिलीत. ह्यातलं एक तरी मी बोलले होते का? मी फक्त म्हणाले, पोरीला घेऊन या. का म्हणाले, ते तुम्ही विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

जूनमध्ये तुम्ही दोघांनी मला सांगितलं की ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला चालली. मी तिला चटणीचे डबे भरून दिले. माझ्या साठवणीतून नवी पर्स घेऊन दिली, कॉलेजात मुलींकडे बऱ्या पर्सा असतात म्हणून. जुलैमध्ये नसरापूरच्या बाजारात बाळाबाईने चार बायकांत मला विचारलं, "तुझी लेक घोड्यांच्या पायापाशी बसती म्हनं?" मी म्हटलं, "माझी न्हाई. दुसऱ्या कुनाची आसंल." त्या हसल्या. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. भर बाजारात मी माझ्या पोटच्या पोरीला माझी नाही म्हणाले, आणि हे माझ्याकडून तुम्ही बोलवून घेतलंत. मला लागलं ते हे. घोडं नाही लागलं.

घोडीला आधी विचारावं लागतं, असं तुम्ही पानभर लिहिलंय. न विचारता पाय ओढला तर जन्मभर मनापासून देत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. केवढी मोठी गोष्ट म्हणून कौतुक केलंय. लिहिताना तुम्हाला काहीच आठवलं नाही का हो? मी ते वाचून आधी हसले. वहिनी विचारायला लागल्या काय झालं, तेव्हा रडू आलं.

हाक का मारली नाही म्हणता. इतकी वर्षं तुमच्या हातात बैलाचा पाय असताना मी कधी तुम्हाला हाक मारली? चुलीवर दूध उतू गेलं तरी मारली नाही. माझा बाप गेल्याचा निरोप आला, तेव्हा तुम्ही दारात पत्री ठोकत होता. तुमचा शेवटचा खिळा बसेपर्यंत मी तोंडात पदर धरून उभी होते. हाक आली की माणूस वर बघतो, आणि जनावर त्याच क्षणाची वाट बघत असतं. हे मला कुणी शिकवलं नाही, तुमच्या संसारात शिकले. पोरीच्या मांडीवर घोड्याचा पाय होता. ती सगळा भार डाव्या पायावर घेऊन बसली होती. लाथ खाल्लीय, हे मला तिथूनच कळलं. तुमच्या पत्राची वाट बघावी लागली नाही. ती खिळा ठोकत होती आणि मी हातात चहाचा कप धरून उभी होते. आणखी थोडा वेळ थांबले असते तर तोंडातून हाक गेलीच असती. म्हणून फिरले. रागाने नाही.

काम ती चांगलं करते. तुमचा खिळा वाकडा गेला की तुम्ही बैलाच्या सात पिढ्या काढता. ती खिळा काढून परत ठोकत होती, तोंडातून शब्द नाही.

सोमवारी मी येते. पुलगेटपर्यंतचा रस्ता मला ठाऊक आहे, स्टँडवर येऊन उभे राहू नका. मी आधी तिच्याकडे जाईन. तिच्या हातात काही नसेल तेव्हा तिला विचारीन, तुला इथं राहायचंय का. ती जे म्हणेल ते मी ऐकेन. राहते म्हणाली तर उस्तादांना होय सांगायला मी जाईन, तुम्ही नाही. तुम्हाला तसंही ते आत घेणार नाहीत. तोवर चंद्राबाईच्या बाकड्यावर बसून राहा. मग आपण गणपतीला घरी जाऊ. तिला सुट्टी मिळाली तर तिघं, नाही तर दोघं.

तिला सांगू का, असं विचारलंत. बरं झालं, एवढं तरी विचारलंत. सांगू नका. मी येणार हे तिला कळायचं तर माझ्याच तोंडून कळेल, मी तिच्यासमोर उभी राहीन तेव्हा.

मंगल